दाखल्यापासून कंत्राटापर्यंत : अमेरिकेतील अल्पसंख्याक उद्योजकांची वाट

मोठ्या कंपनीने आपल्याला लागणारा माल आणि सेवा कोणाकडून विकत घ्याव्यात, हा वरवर पाहता त्या कंपनीचा खासगी प्रश्न आहे; परंतु ज्या समाजात काही गटांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन, कर्ज, शिक्षण आणि ओळखीपाळखी यांपासून दूर ठेवले गेले, त्या समाजात संपत्ती कोणाकडे साचावी आणि कोणाच्या वाट्याला ती येऊच नये, हे खरेदी विभागाच्या अशा निर्णयांतूनच ठरत जाते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या जाणिवेतून एक व्यवस्था उभी राहिली. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, आशियाई आणि मूलनिवासी वंशाच्या नागरिकांच्या मालकीचे उद्योग अधिकृतपणे ओळखायचे, त्यांना तसे प्रमाणपत्र द्यायचे आणि मग सरकारी खात्यांच्या व मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांत त्यांना स्थान मिळावे यासाठी साहाय्य करायचे, असे तिचे स्वरूप आहे. भारतात ‘अल्पसंख्याक’ ही संज्ञा मुख्यतः धर्माच्या संदर्भात वापरली जाते, तर अमेरिकेतील या व्यवस्थेत ती वंशाच्या संदर्भात येते, एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही. या व्यवस्थेचा इतिहास पाहता असे दिसते की प्रमाणपत्र देण्याचे काम बरेच नेटके झाले, मात्र प्रमाणपत्र हाती आल्यापासून पहिले बिल वसूल होईपर्यंतचा पल्ला अवघडच राहिला; आणि उद्योजकाला खऱ्या मदतीची गरज याच पल्ल्यात असते.

व्यवस्थेचा उगम

१९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्क, डेट्रॉइट आणि इतर शहरांत मोठ्या दंगली झाल्या. त्यांची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अहवाल दिला आणि वर्णभेदामुळे देश दुभंगत चालल्याचा स्पष्ट इशारा दिला. नोकऱ्यांतील भेदभाव दूर करणे पुरेसे नाही, उद्योगांची मालकीही या समाजांकडे गेली पाहिजे, हा विचार त्या काळात बळावला. लघुउद्योग कायद्यात ‘कलम ८ (अ)’ म्हणून ओळखली जाणारी एक तरतूद आधीपासून होती. तिच्यानुसार लघुउद्योग प्रशासन हे सरकारी खाते दुसऱ्या खात्याचे कंत्राट स्वतःच्या नावाने घेऊन ते एखाद्या छोट्या उद्योगाला पोटकंत्राट म्हणून देऊ शकत असे. या तरतुदीचा उपयोग आता अल्पसंख्याक उद्योजकांसाठी होऊ लागला. ५ मार्च १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आदेश काढून वाणिज्य खात्यात अल्पसंख्याक उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. तेच पुढे ‘मायनॉरिटी बिझनेस डेव्हलपमेंट एजन्सी’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०२१ मध्ये त्याला कायद्याने कायमस्वरूपी दर्जा मिळाला.

खासगी क्षेत्रातही याच सुमारास हालचाल सुरू झाली. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये अल्पसंख्याक पुरवठादारांसाठी कार्यक्रम आखला, आणि मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. ‘नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल’ या नावाने ती आज ओळखली जाते. मोठ्या कंपन्या तिच्या सदस्य असतात, देशाच्या निरनिराळ्या भागांत तिच्या प्रादेशिक परिषदा आहेत, आणि उद्योगांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देणे हे तिचे मुख्य काम आहे. १९७८ च्या एका कायद्याने या प्रयत्नांना नवा आधार दिला. ठरावीक रकमेपेक्षा मोठे सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीने त्यातील किती काम छोट्या आणि वंचित गटांच्या उद्योगांना देणार याचा लेखी आराखडा सादर करावा, असे बंधन या कायद्याने घातले. त्यामुळे विमाने, शस्त्रे किंवा संगणक सरकारला विकणाऱ्या बड्या कंपन्यांना प्रमाणित पुरवठादार शोधण्याची गरज भासू लागली. महिला उद्योजकांसाठी अशीच प्रमाणन संस्था १९९७ मध्ये निघाली, तर दरवर्षी किमान १ अब्ज डॉलरची थेट खरेदी अल्पसंख्याक व महिला उद्योजकांकडून करणाऱ्या कंपन्यांचे ‘बिलियन डॉलर राउंडटेबल’ हे मंडळ २००१ मध्ये अस्तित्वात आले.

एक्कावन्न टक्क्यांचा अर्थ

प्रमाणपत्राची मूळ अट अशी की उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी पात्र गटातील व्यक्तींकडे असली पाहिजे, आणि दैनंदिन कारभार व अंतिम नियंत्रणही त्यांच्याच हाती असले पाहिजे. या अटीतील मालकीचा भाग कागदोपत्री सिद्ध करता येतो, कारण भागभांडवलाची नोंदवही, भागीदारीचा करार, कराची विवरणपत्रे आणि सुरुवातीचे भांडवल कोठून आले याचे पुरावे तपासता येतात. नियंत्रणाचा भाग मात्र कागदावर दिसत नाही. म्हणून तपासनीस प्रत्यक्ष कारखान्यात किंवा कार्यालयात जातात. निविदेचा दर कोण ठरवतो, माणसे कोण नेमतो आणि काढतो, बँकेत सही कोणाची चालते, व्यवसायाला लागणारा परवाना कोणाच्या नावावर आहे, यंत्रात बिघाड झाला तर निर्णय कोण घेतो, असे प्रश्न ते मालकालाच विचारतात, आणि उत्तरे देताना मालक शेजारी बसलेल्या भागीदाराच्या तोंडाकडे पाहू लागला तर त्याचा अर्थ तपासनीसाच्या ध्यानात येतो. प्रमाणपत्र मिळाल्यावरही त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

एवढ्या कठोर तपासणीची गरज का पडली, हे न्यू यॉर्कमधील ‘वेडटेक’ कंपनीच्या प्रकरणावरून समजते. साउथ ब्राँक्ससारख्या गरीब वस्तीत लष्करासाठी सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीने आपली बहुसंख्य मालकी पोर्तो रिकन वंशाच्या संस्थापकाकडे असल्याचे दाखवून कलम ८ (अ) खाली कोट्यवधी डॉलरची कंत्राटे मिळवली. प्रत्यक्षात त्याची आणि दुसऱ्या भागीदाराची मालकी समसमान होती, हे पुढे उघडकीस आले. लाचखोरीचे जाळेही बाहेर पडले, १९८६ च्या अखेरीस कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि अमेरिकी काँग्रेसच्या म्हणजे संसदेच्या एका सदस्यासह अनेकांना शिक्षा झाल्या. अशा नाममात्र मालकीच्या उद्योगांमुळे सरकारची फसवणूक होते आणि प्रामाणिक अल्पसंख्याक उद्योजकाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते, म्हणून तपासणीचा जाच त्याच्याच हिताचा ठरतो.

५१ टक्क्यांच्या अटीची दुसरी बाजूही आहे. उद्योग वाढवायचा तर बाहेरचे भांडवल लागते, आणि ते घेतले की संस्थापकाचा हिस्सा घटतो. म्हणजे प्रमाणपत्र टिकवण्यासाठी लहानच राहायचे, किंवा मोठे होण्यासाठी प्रमाणपत्र सोडायचे, असा पेच निर्माण होतो. राष्ट्रीय परिषदेने २००० मध्ये यावर तोडगा काढला. मतदानाचा हक्क असलेले बहुसंख्य भाग आणि संचालक मंडळातील बहुमत अल्पसंख्याक मालकांकडे राहत असेल, तर संस्थात्मक गुंतवणूकदार घेतल्यावर त्यांची आर्थिक मालकी ३० टक्क्यांपर्यंत खाली आली तरी प्रमाणपत्र चालू राहू शकेल, असा तो निर्णय होता. त्यावर बरीच टीका झाली, पण वाढीसाठी लागणारे भांडवल आणि मालकीची शुद्धता यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, हे त्या वादातून स्पष्ट झाले.

भारतीय वंशाचे नागरिकही या व्यवस्थेत पात्र गणले गेले आहेत. राष्ट्रीय परिषदेच्या व्याख्येत त्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि कलम ८ (अ) च्या सरकारी यादीत त्यांचा समावेश भारतीय संघटनेच्या मागणीनंतर १९८२ मध्ये झाला. माहिती तंत्रज्ञान, मनुष्यबळ पुरवठा आणि अभियांत्रिकी सल्ला या क्षेत्रांत काम करणाऱ्या तेथील मराठी उद्योजकांचा या विषयाशी थेट संबंध येतो तो यामुळेच. केवळ वास्तव्याचा परवाना पुरेसा नसून कलम ८ (अ) साठी अमेरिकेचे नागरिकत्व आवश्यक असते.

प्रमाणपत्रानंतरचा पल्ला

प्रमाणपत्रामुळे उद्योगाचे नाव खरेदीदार कंपन्यांच्या माहितीसाठ्यात येते आणि पुरवठादार मेळाव्यांत खरेदी अधिकाऱ्यांशी भेट होऊ शकते. त्यापलीकडे कंत्राटाची हमी त्यात नसते. खरेदी अधिकाऱ्याला दर, दर्जा आणि वेळेवर पुरवठा या तिन्हींचा हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे नव्या पुरवठादाराला घेताना तो कचरतो. त्यातच अनेक कंपन्यांनी शेकडो छोट्या पुरवठादारांऐवजी मोजक्या मोठ्या पुरवठादारांशी दीर्घ मुदतीचे करार करण्याचे धोरण स्वीकारले, आणि एकाच कंत्राटात देशभरातील कारखान्यांचे काम बांधून टाकले. अशा कंत्राटाला लागणारी ऐपत छोट्या उद्योगाकडे नसते. म्हणून पुरवठ्याचे स्तर मानण्याची पद्धत रूढ झाली : कंपनीला थेट माल देणारा तो पहिल्या स्तराचा पुरवठादार, आणि त्याला माल देणारा तो दुसऱ्या स्तराचा. पहिल्या स्तरावरील मोठ्या पुरवठादाराने आपल्या खरेदीपैकी किती रक्कम प्रमाणित अल्पसंख्याक उद्योगांना दिली याचा नियमित अहवाल द्यावा, अशी अट अनेक कंपन्या घालू लागल्या, आणि छोट्या उद्योगांना दुसऱ्या स्तरावरून आत शिरण्याची वाट मिळाली.

सर्वांत मोठा अडसर खेळत्या भांडवलाचा असतो. समजा, एखाद्या उद्योजकाला वर्षाला १२ लाख डॉलरचे कंत्राट मिळाले, दरमहा १ लाख डॉलरचे बिल होते, त्यासाठी पगार व कच्चा माल मिळून ८५ हजार डॉलर खर्च येतो, आणि कंपनी बिलानंतर ९० दिवसांनी पैसे देते. पहिल्या महिन्याचे बिल महिनाअखेरीस सादर होते आणि त्याचे पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी हाती येतात. तोवर उद्योजकाने पदरचे ३ लाख ४० हजार डॉलर घातलेले असतात. वर्षभराचा त्याचा नफा मात्र १ लाख ८० हजार डॉलर आहे. वर्षाच्या नफ्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम आधी अडकवल्याशिवाय हे कंत्राट पार पडू शकत नाही. ज्याच्या घराण्यात गहाण ठेवण्यासारखी मालमत्ता नाही आणि ज्याला बँक चढ्या व्याजाने कर्ज देते, त्याला मोठे कंत्राट मिळणे हेच संकट ठरू शकते.

बांधकाम व्यवसायात या अडचणीला हमीपत्राची जोड मिळते. कंत्राटदाराने काम अर्धवट सोडल्यास भरपाई देण्याची हमी एखाद्या विमा कंपनीने घ्यावी, अशी अट सरकारी बांधकामात असते. हमी देणारी कंपनी आधी पूर्ण केलेल्या मोठ्या कामांचा इतिहास मागते. हमीशिवाय काम मिळत नाही आणि कामाशिवाय इतिहास तयार होत नाही. म्हणून या क्षेत्रातील जाणत्या संस्था प्रमाणपत्राच्या अर्जाबरोबरच हिशेबाच्या वह्या नीट लावणे, दर्जाची मानांकने मिळवणे, कंपनीची क्षमता एका पानात मांडणे, बिलांवर कर्ज मिळवून देणे आणि मोठ्या कंपनीशी मार्गदर्शक म्हणून जोडून देणे ही कामे हाती घेतात.

अटलांटाचा विमानतळ

राजकीय इच्छाशक्ती असेल तर खरेदीची रचना बदलता येते, याचे ठळक उदाहरण जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात घडले. मेनार्ड जॅक्सन १९७४ च्या जानेवारीत त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले तेव्हा शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, पण महापालिकेच्या कंत्राटांपैकी एक टक्काही कृष्णवर्णीय उद्योजकांच्या वाट्याला येत नव्हता. त्याच वेळी विमानतळाच्या प्रचंड विस्ताराचे काम पुढे होते. या कामात अल्पसंख्याक उद्योगांचा २५ टक्के सहभाग असलाच पाहिजे, असा आग्रह जॅक्सन यांनी धरला, आणि कंत्राटदारांचा व व्यापारी वर्तुळाचा तीव्र विरोध होऊनही तो सोडला नाही.

त्यांनी वापरलेले साधन संयुक्त उपक्रमाचे होते. अनुभवी मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीय कंपनीला भागीदार म्हणून घ्यायचे, जोखीम आणि नफा दोन्ही वाटून घ्यायचे, आणि काम संपेल तेव्हा छोट्या कंपनीकडे मोठे काम पूर्ण केल्याचा दाखला असायचा. हमीपत्राचा वर सांगितलेला पेच अशा भागीदारीतून सुटतो. प्लास्टरचे काम करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली धडे घेऊन बांधकाम व्यवसायात उतरलेले हर्मन रसेल यांची कंपनी या कामात सहभागी झाली आणि पुढे देशातील आघाडीच्या कृष्णवर्णीय कंपन्यांत गणली गेली. नवे टर्मिनल सप्टेंबर १९८० मध्ये खुले झाले, आणि २००३ मध्ये जॅक्सन यांच्या निधनानंतर विमानतळाला त्यांचे नाव जोडण्यात आले. या धोरणाचा लाभ मोजक्या, राजकीय वर्तुळाशी जवळीक असलेल्या कंपन्यांनाच अधिक झाला, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि ती गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

न्यायालयाची कसोटी

वंशाच्या आधारे कंत्राटांचा हिस्सा राखून ठेवणे समानतेच्या तत्त्वात बसते काय, हा प्रश्न अमेरिकी न्यायालयांपुढे वारंवार आला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसने ठरवलेला १० टक्के हिस्सा वैध मानला. १९८९ मध्ये मात्र व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराचा ३० टक्क्यांचा नियम त्याच न्यायालयाने रद्द केला. त्या शहरातील निम्मी वस्ती कृष्णवर्णीय असून पाच वर्षांतील बांधकाम कंत्राटांपैकी केवळ ०.६७ टक्के रक्कम अल्पसंख्याक उद्योगांना मिळाली होती. तरीही लोकसंख्येशी तुलना करून भेदभाव सिद्ध होत नाही, काम करण्यास पात्र असलेले उद्योग किती आणि त्यांना काम किती मिळाले हे दाखवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. महामार्गावरील संरक्षक कठड्यांच्या एका पोटकंत्राटावरून झालेल्या १९९५ च्या निकालाने हीच काटेकोर कसोटी केंद्र सरकारलाही लागू केली.

गेल्या काही वर्षांत हा पाया आणखी हलला आहे. विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये मनाई केली, आणि पुढच्याच महिन्यात टेनेसीतील संघीय न्यायालयाने कलम ८ (अ) खाली विशिष्ट वंशाचा उद्योजक आपोआप वंचित मानण्याची पद्धत थांबवली. त्यानंतर प्रत्येक अर्जदाराला स्वतःला सोसाव्या लागलेल्या भेदभावाचे निवेदन द्यावे लागू लागले. २१ जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध केंद्र सरकारची भूमिका स्पष्ट झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परिवहन खात्यानेही वंचित उद्योगांसाठीच्या आपल्या कार्यक्रमातून वंश व लिंग यांवरून उद्योजक वंचित असल्याचे गृहीत धरण्याची पद्धत काढून टाकली. खासगी कंपन्यांनाही करारात वंशभेद करण्यास मनाई करणारा १८६६ चा नागरी हक्क कायदा लागू होतो. मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणासाठी केलेल्या या कायद्याचा आधार आता अशा कार्यक्रमांना आव्हान देण्यासाठी घेतला जात आहे, आणि त्यामुळे अनेक कंपन्यांनी आपले कार्यक्रम सर्वच छोट्या उद्योगांसाठी खुले करण्याचा मार्ग पत्करला आहे.

महाराष्ट्राशी नाते

अमेरिकेतील हा अनुभव भारतातील दलित उद्योजकतेच्या विचारापर्यंत पोहोचला. जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे झालेल्या दलित विचारवंतांच्या परिषदेत पुरवठादारांतील विविधतेचा मुद्दा मांडला गेला. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन केली आणि नोकरी मागणाऱ्यांऐवजी नोकरी देणारे व्हावे ही तिची दिशा ठेवली. २०१२ च्या केंद्रीय सार्वजनिक खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघुउद्योगांकडून किमान २० टक्के खरेदी करण्याचे उद्दिष्ट ठरवले आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के उपलक्ष्य ठेवले. पुढे एकूण प्रमाण २५ टक्के झाले आणि महिलांसाठी ३ टक्के निश्चित झाले. भागीदारी किंवा खासगी मर्यादित कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा त्या गटाकडे असला पाहिजे, ही अमेरिकेसारखीच अट येथेही आहे. निविदेचा अर्ज विनामूल्य मिळतो, अनामत रकमेतून सूट असते, आणि ऑक्टोबर २०१६ पासून राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब साहाय्यासाठी उभे आहे. तरीही ४ टक्क्यांचे हे लक्ष्य पहिली अनेक वर्षे गाठता आले नाही, कारण जातीचा दाखला आणि उद्यम नोंदणी हाती असूनही व्हेंडर कोड, बँकेची हमी आणि अडकलेली बिले हे अडथळे तसेच राहिले. हे धोरण सरकारी खात्यांना व सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे; खासगी कंपन्यांसाठी २००६ मध्ये उद्योगसंघटनांनी स्वीकारलेली सकारात्मक कृतीची आचारसंहिता स्वेच्छेची आहे.

लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असे २००६ चा भारतीय कायदा सांगतो, आणि मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळणार नाही अशी तरतूद आयकर कायद्यातही आली आहे. परंतु ज्या ग्राहकावर सगळा धंदा अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस छोटा उद्योजक क्वचितच करतो. त्यामुळे चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबड येथील मोठ्या कारखान्यांच्या खरेदी प्रमुखांना या विषयात सर्वाधिक काही करता येण्याजोगे आहे. कामाचे लहान तुकडे पाडून निविदा काढणे, पहिल्या स्तराच्या पुरवठादारांकडून वंचित गटांतील उद्योगांना दिलेल्या कामाचा हिशेब मागणे, नव्या पुरवठादाराला दर्जाचे मार्गदर्शन देणे आणि त्याचे बिल मुदतीत चुकवणे, यांपैकी कशालाही नव्या कायद्याची गरज नाही आणि कोणत्याही न्यायालयाची त्याला हरकत नाही. अमेरिकेत प्रमाणपत्राचा कायदेशीर आधार डळमळीत होत असताना ज्या उद्योजकांनी या साहाय्याच्या बळावर क्षमता कमावली ते आपल्या पायांवर उभे राहू शकतील. महाराष्ट्रातील उद्योगांनीही दाखला तपासून थांबू नये, दाखलाधारकाला पहिले काम द्यावे आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत.